टाकीवरची खडूची रेघ

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सोलापुरात पाहुण्यांना जेवायला बोलवायचं तर आधी नळाचा दिवस बघतात, सुट्टी नंतर. पाणी येणार उजनीहून, शंभरेक किलोमीटरवरून, तेही रोज नाही. चार दिवसाआड म्हणा, पाच दिवसाआड म्हणा. म्हणून घरोघरी खाली हौद, वर टाकी आणि दिवसभर "नळ बंद करा रे" असा ओरडा. पण नळ माणसं बंद करतात हो. पाणी जातं ते पाइप कसा फिरवलाय त्यावर, आणि व्हॉल्व्ह कुठे बसवलाय, मुळात बसवलाय का, त्यावर. आज त्या पाइपाबद्दल आणि व्हॉल्व्हबद्दल बोलू.

त्यासाठी जुळे सोलापुरातल्या एका घराची गोष्ट सांगतो.

घर दुमजली. माणसं पाच. खाली हौद ३००० लिटरचा, गच्चीवर १००० लिटरची काळी टाकी. दोन्ही भरले की ४००० लिटर. पाणी यायचं पाचव्या दिवशी. आता हिशेब करा. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर, हे सरकारी नियमातलं माप. पाच माणसांचे झाले ६७५. पाच दिवसांचे ३३७५. म्हणजे सव्वासहाशे लिटर उरायला हवेत. उरत तर नव्हतेच, चौथ्या दिवशी संध्याकाळी टाकीत ठणठणाट. टँकर मागवायचा, नाहीतर शेजारून पाइप टाकायचा.

मग घरात जे होतं ते झालं. सून म्हणाली, पोरं अंघोळीला बसली की उठत नाहीत. पोरं म्हणाली, मशीन दिवसाआड लावता तुम्ही. मुलगा म्हणाला, भांडीवाल्या मावशी नळ सोडून फोनवर बोलतात. बिचाऱ्या मावशी सगळ्यांत लांबच्या, म्हणून त्यांच्यावर एकमत लवकर झालं.

घरातले म्हातारे, त्यांना सगळे आप्पा म्हणायचे, मिलमधून निवृत्त झालेले. आयुष्य गेलं रंगखात्यात. ते म्हणाले, माप घेतल्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही.

त्यांनी काय केलं, ते नीट ऐका, कारण हे तुम्हालाही करायचंय. रात्री अकरा वाजता सगळे झोपल्यावर मोटार बंद, मशीन बंद. आप्पा बॅटरी घेऊन गच्चीवर गेले. टाकीचं झाकण काढलं, सरळ काठी तळाला टेकेपर्यंत उभी सोडली, बाहेर काढली आणि जिथवर ओली झाली तिथे खडूनं रेघ मारली. पहाटे पाचला परत तीच काठी, तशीच. पाणी रेघेच्या खाली गेलेलं. किती? चार इंच.

चार इंच म्हणजे किती पाणी? हजार लिटरची गोल टाकी आतून साधारण १०८ सेंटिमीटर रुंद असते. तिच्यात एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ९ लिटर. चार इंच म्हणजे दहा सेंटिमीटर, म्हणजे ९० लिटर. सहा तासांत. तासाला १५, दिवसाला ३६०. पुन्हा सांगतो, दिवसाला ३६० लिटर, कुणीही नळ उघडलेला नसताना. पाच दिवसांचे अठराशे. घराची गरज ६७५ आणि ही गळती ३६०, मिळून हजाराच्या वर. चार हजार लिटर चौथ्या दिवशी संध्याकाळी संपणारच. हिशेब तंतोतंत जुळला आणि मावशी सुटल्या.

आता गळती कुठे? नळ सगळे कोरडे. भिंतीला ओल नाही. मिस्त्रींना बोलावलं. ते भिंतीवर दोनदा ठोकून म्हणाले, "आप्पा, पाइप आतनं हाय. टाइल फोडल्याबगर कळणार नाही बघा." खर्चाचा आकडा ऐकून मुलगा खुर्चीत बसला. आप्पा म्हणाले, "एक दिवस थांबा की ओ."

दुपारी त्यांनी पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ मागितली. दोन्ही संडासांतल्या फ्लशच्या टाक्यांची झाकणं काढली आणि प्रत्येकीत नीळ टाकली, चारच थेंब. "वीस मिनिटं कुणी फ्लश करायचा नाही," असं बजावून दाराबाहेर स्टूल टाकून बसले. वीस मिनिटांनी बघितलं तर खालचं भांडं पांढरं स्वच्छ. वरच्या भांड्याच्या मागच्या भिंतीवरून एक निळी रेघ उतरलेली. दोऱ्याएवढी. आवाज नाही, थेंब नाही. इतकं पातळ पाणी चिनी मातीवरून सरकतं की दिवसा उजेडी समोर उभं राहिलं तरी दिसत नाही. टाकीत निळीचा रंग होता म्हणून दिसलं.

रंगखात्यातल्या माणसाला रंग कुठून कुठे उतरतो हे कोण शिकवणार! आणि रंगावरून आठवलं म्हणून सांगतो. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तरी बाहेरगावी 'सोलापुरी' म्हणून जे काही विकतात ते एकदा भिजवलं की बादली लाल. त्या चादरीला सोलापूरचं नाव लावायला लाज वाटली पाहिजे. असो.

तर निळी रेघ दिसली. पण फ्लशची टाकी दोन ठिकाणी गळते, आणि दोन्हींचं औषध वेगळं. टाकीच्या मधोमध एक उभी नळी असते, जास्तीचं पाणी भांड्यात सोडणारी. फ्लोट, म्हणजे टाकी भरली की येणारं पाणी थांबवणारा तरंगता तुकडा, फार वर चढलेला असेल तर पाणी त्या नळीच्या काठावरून सतत आत पडत राहतं. दुसरी जागा तळाची, फ्लश दाबल्यावर उचलला जातो तो रबरी वायसर. ओळखायचं असं, की टाकीखालचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून टाकीला पाणी देणारा छोटा कॉक, बंद करायचा आणि अर्ध्या तासानं पातळी बघायची. पाणी उभ्या नळीच्या काठाशी येऊन थांबलं तर दोष फ्लोटचा. स्क्रू फिरवून पातळी काठाच्या बोटभर खाली आणायची, काम झालं. आणि पाणी त्याच्याही खाली उतरत गेलं, तर दोष वायसरचा.

आप्पांनी अँगल कॉक बंद करायला घेतला आणि तो फिरेना. पाण्यातला क्षार बसून दगड झालेला. मग गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करावा लागला. घराला व्हॉल्व्ह तो एकच, म्हणजे संडासाच्या वायसरसाठी स्वयंपाकघरही बंद. वायसर काढला तर रबर कडक, आणि ज्या बैठकीवर तो टेकतो तिच्यावर पांढरा खरखरीत थर. नुसता नवा वायसर टाकला असता तर महिन्यात परत गळला असता, कारण खरखरीत बैठकीवर मऊ रबरही नीट बसत नाही. आप्पांनी लिंबाची फोड चोळून थर सोडवला, ओल्या फडक्यानं पुसला, मग वायसर बसवला. दोन वडापावच्या पैशांत काम झालं. त्या रात्री काठीवरची रेघ पहाटेपर्यंत हलली नाही.

मिस्त्री नंतर येऊन बघून गेले. "असंबी असतंय," म्हणाले.

या गोष्टीत सगळं प्लंबिंग आलंय. त्या घराला गच्चीवर एकाऐवजी तीन व्हॉल्व्ह असते, तर नीळही लागली नसती. एकेक लाइन रात्री बंद करायची, काठी टाकायची, दोन-तीन रात्रींत चोर सापडला असता. म्हणून नवं घर बांधत असाल, किंवा बाथरूम फोडून नवं करत असाल, तर टाकीपासूनच तीन लाइनी वेगळ्या काढा. एक स्वयंपाकघराची, एक अंघोळ-धुण्याची, एक फ्लशची. प्रत्येकीला गच्चीवर आपला बॉल व्हॉल्व्ह.

आता तीन लाइनी काढताना एक युक्ती. टाकीला तिन्ही भोकं एकाच उंचीवर पाडू नका. स्वयंपाकघराचं भोक सगळ्यांत खाली, तळापासून पाच सेंटिमीटरवर, म्हणजे तळाचा गाळ येत नाही. अंघोळीचं आणि फ्लशचं त्याच्यावर वीस सेंटिमीटर. मघाचा हिशेब आठवा, सेंटिमीटरला ९ लिटर. वीस सेंटिमीटर म्हणजे १८० लिटर. अंघोळीचं पाणी संपेल, पण भाकरीच्या पिठाला आणि प्यायला १८० लिटर राहतील. कुणाला सांगावं लागत नाही, कुणावर ओरडावं लागत नाही. गाळ काढायला अगदी तळाला एक वेगळा व्हॉल्व्ह ठेवा. आणि टाकी भरून वाहणाऱ्या पाण्याचा पाइप गटाराच्या लाइनीला जोडू नका. तो अंगणात, येता-जाता दिसेल असा मोकळा सोडा. बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारा कॉक, बिघडला की तिथून धार पडते आणि सगळ्या गल्लीला कळतं. गटारात लपवला तर रात्रभर टाकी वाहते आणि घरात पत्ता नाही.

बोअर असेल तर फ्लशच्या लाइनीला बोअरचं पाणी द्या. राष्ट्रीय बांधकाम संहितेत त्या १३५ लिटरपैकी ४५ लिटर फ्लशचेच धरलेत. तिसरा हिस्सा! पण त्यासाठी टाकी वेगळी, पाइप वेगळा. मध्ये एक व्हॉल्व्ह टाकून नळाची आणि बोअरची लाइन जोडून ठेवायची पद्धत आहे आपल्याकडे. तो व्हॉल्व्ह एक दिवस आतून गळतो आणि बोअरचं पाणी प्यायच्या पाण्यात मिसळतं. जोडू नका. आणि ओघात निघालंय म्हणून, पाणी आल्या आल्या थेट नळाला मोटार लावणारे आपल्या गल्लीत कोण आहेत ते सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही. मोटार रस्त्यातल्या पाइपात ओढ निर्माण करते, त्या पाइपाला जिथे चीर असेल तिथून शेजारच्या गटाराचं पाणी आत येतं, आणि पहिलं येतं ते मोटारवाल्याच्याच हौदात.

गरम पाण्याचं थोडक्यात. गच्चीवर सोलर, बाथरूम तळमजल्यावर, मध्ये वीस मीटर एक इंची पाइप. त्या पाइपात मीटरला जवळपास अर्धा लिटर पाणी बसतं. म्हणजे गरम पाणी हाताला लागायच्या आधी नऊ-दहा लिटर गार पाणी सोडायचं. अर्धी बादली, प्रत्येक सकाळी, मोरीत. पाऊण इंची पाइप टाकला तर तेच पाच-साडेपाच लिटर. एका बाथरूमला पाऊण इंच पुरतो. पाइपावर फोमची नळी चढवा, म्हणजे पहिल्याच्या मागून दुसरा अंघोळीला गेला तर पाणी निवलेलं नसतं. वळसे कमी. मिस्त्रींना भिंत सोयीची पडते म्हणून पाइप घरभर फिरवून आणतात, तिथे उभं राहा.

धारेचं गणित असं, की टाकीखाली जितकं खोल जाल तितका जोर. चौपट खोलीवर धार दुप्पट होते. वरच्या मजल्यावर नळाच्या तोंडाला पाणी वाचवणारी जाळी बसवली तर आधीच बारीक धार आणखी मरते, मग माणूस वैतागून जाळी काढून टाकतो. जाळी तळमजल्यावर बसवा, आणि महिन्याला काढून लिंबाच्या पाण्यात बुडवा, आपल्या क्षाराला ती लवकर तुंबते. जाळी नको असेल तर बेसिनखालचा अँगल कॉक अर्धा बंद करा. फुकट काम आहे. सहा महिन्यांनी एकदा तो पूर्ण उघडा, पूर्ण बंद करा, परत अर्ध्यावर आणा, म्हणजे आप्पांच्या कॉकसारखा दगड होणार नाही. छतातून पाऊस पाडणारे ते ताटाएवढे शॉवर मात्र सोलापुरात कुणी आणले कोण जाणे. हॉटेलात शोभतात ते.

भिंतीत पाइप बुजवणार असाल तर टाइल लावायच्या आधी सगळी तोंडं बुच मारून बंद करा, दाब दाखवणारा काटा असलेल्या छोट्या हातपंपानं पाइपात पाणी भरून दाब द्या आणि तो काटा चोवीस तास बघा. काटा उतरला तर जोड गळतोय, तेव्हाच कापून नवा करा. नळ जिथे बसणार तिथे पितळी आट्यांचाच एल्बो, म्हणजे पाइपाचा वळणाचा तुकडा, मागा. प्लास्टिकच्या आट्या नळ दोनदा काढला-बसवला की चिरतात, आणि चीर टाइलच्या मागे जाते. भिंत बुजवण्याआधी टेप धरून मोबाइलवर फोटो काढून ठेवा, जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. पुढे आरसा लावायला ड्रिल मारताना हाच फोटो कामाला येतो.

सांडपाण्याचं एवढंच, की अंघोळीचा आणि मशीनचा पाइप संडासाच्या लाइनीत आतल्या आत जोडू नका. नहाणी ट्रॅपपासून, म्हणजे मोरीच्या जाळीखाली असतो त्या भांड्यापासून, वेगळा बाहेर काढा, पुढे कर्दळीला, केळीला सोडा. साठवू नका, एका दिवसात वास मारतं. आणि एकाच वाफ्यात कायम सोडू नका. साबणातला सोडा आपल्या काळ्या मातीत बसला की ती सिमेंटसारखी घट्ट होते, म्हणून पाइपाचं तोंड आठवड्याला हलवत राहा. स्वयंपाकघराचं तेलकट पाणी झाडाला नको.

आणि फ्लशचा वायसर आणायला दुकानात जाल तेव्हा जुना काढून खिशात घालून न्या. दिसायला सगळे सारखे असतात, बसतो एकच.

नमस्कार.