स्पीकरमधली तडतड

श्रोतेहो, नमस्कार.

साल १९५८. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोघे मांजराच्या मेंदूतल्या एकेका पेशीचा कानोसा घेत होते. पेशीचे विद्युत संकेत स्पीकरवर ऐकू यावेत अशी सोय केलेली. भूल दिलेल्या मांजरासमोर काचपट्टीवरचे काळे ठिपके दाखवून दाखवून दोघे दमले, पण स्पीकर गप्प. आणि एकदा पट्टी यंत्रात सरकवताना अचानक तडतड सुरू झाली! ठिपक्याचा काही संबंधच नव्हता. काचेच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून सरकली होती. त्या पेशीला हवी होती फक्त एका ठरावीक कोनातली रेघ.

तुम्ही हे रेडिओवर ऐकताय, म्हणून आवर्जून सांगायला हवं, की हा शोध आधी कानांना लागला.

आधी रेघा, मग रेघांचे आकार, अशी पाहण्याची उतरंड त्यातून उलगडत गेली. कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये तीच संगणकात उतरवली. तेही जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेच्या प्रयोगशाळेत! आज मोबाइल फोटोतला चेहरा ओळखतो, त्याचं एक मूळ तिथे आहे.

मग अख्खा मेंदूच उतरवून काढला तर? सी. एलिगन्स नावाची मिलिमीटरभर लांबीची अळी आहे. तिच्यात चेतापेशी ३०२. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्येच छापून आला. तरी नुसत्या त्या नकाशावरून अळी पुढे काय करील ते सांगता येत नाही. कुठली पेशी कुणाला जोडली आहे ते दिसतं, पण ती जोडणी किती जोराची, ते कागदावर नसतं. आपल्या डोक्यात तर अशा सुमारे ८,६०० कोटी पेशी.

म्हणून मला मनापासून वाटतं, की यंत्राला चौफेर बुद्धी यायची असेल तर मेंदूची नक्कल करण्यापेक्षा त्याच्या युक्त्या उचलाव्यात. त्यातली मोठी युक्ती म्हणजे नवं शिकताना जुनं न पुसणं. यंत्राला नवा धडा दिला की जुना बराचसा उडून जातो. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूत पाहिलं, की धावताना ज्या पेशी एकत्र जाग्या झाल्या होत्या, त्याच झोपेतही पुन्हा एकत्र जाग्या होतात. झोपेतली उजळणीच ती! डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीच्या खेळ शिकणाऱ्या प्रणालीलाही २०१५ मध्ये जुन्या चाली साठवून पुन्हा गिरवायला लावल्या होत्या. त्या मात्र चिठ्ठ्या टाकून काढाव्यात तशा, कुठल्याही. दिवसभरातली कुठली वाट पुन्हा घोकायची, हे झोपलेला उंदीर कसं ठरवतो, तिथे आता मेंदूवाले आणि संगणकवाले एकाच टेबलाशी बसले आहेत.