स्पीड रेसर: कार्टूनला कार्टूनच राहू दिलं त्यांनी

एक पोरगा लॉकर रूममध्ये एकटाच बसलाय, थोड्या वेळात रेस सुरू व्हायचीय आणि त्याचा पाय काही केल्या थांबत नाहीये, परीक्षेच्या हॉलबाहेर आपला हलायचा ना, अगदी तस्साच. त्या पायाकडे नीट बघा. 'स्पीड रेसर' हा सिनेमा इथून सुरू होतो आणि हा पोरगा म्हणजेच स्पीड.

मग एकदम शाळा. तोच पोरगा, लहान, समोर पेपर आणि डोक्यात नुसती रेस. बघता बघता वर्ग गायब होतो आणि त्याच्या भोवती चित्रवहीतलं रंगीबेरंगी जग गरागरा फिरायला लागतं, तोंडाने घुर्रर्र आवाज काढत तो त्याच बाकावर बसून गाडी चालवतोय! आणि शाळा सुटली की बाहेर थोरला भाऊ गाडी घेऊन उभा. रेक्स त्याचं नाव. तो याला मांडीवर बसवतो, स्टिअरिंग हातात देतो आणि सांगतो की गाडी जिवंत असते, ती बोलते, तू ऐक फक्त.

हा भाऊ पुढे कासा क्रिस्टो नावाच्या रेसमध्ये अपघातात मरतो. म्हणजे घरच्यांना तरी तेवढंच माहितीये.

आता परत ट्रॅकवर या. थंडरहेड नावाचा ट्रॅक, तिथलं रेकॉर्ड अजून रेक्सच्याच नावावर आहे, आणि स्पीड सगळ्यांना मागे टाकून एकटाच पुढे निघालाय, पण एकटा नाहीये तो, कारण त्याच्या पुढे एक आरपार दिसणारी गाडी पळतेय, भावाची. कॉमेंटेटर ओरडतायत, आईवडील स्टँडमध्ये श्वास रोखून बसलेत, शेवटच्या लॅपला रेकॉर्ड मोडणार हे सगळ्यांना दिसतंय आणि तेवढ्यात स्पीड पाय ढिला सोडतो. भावाला पुढे जाऊ देतो. रेस जिंकतो पण रेकॉर्ड भावाचंच राहतं. मी हा सीन किती वेळा बघितला असेल याचा हिशेब नाही, दरवेळी इथे घसा दाटतो माझा.

ही गोष्ट आली जपानमधून. तात्सुओ योशिदा यांची 'मॅक गोगोगो' ही मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, आणि मग त्यांच्याच तात्सुनोको स्टुडिओची १९६७-६८ची मालिका, ५२ भाग. हिरोचं मूळ नाव गो मिफुने, नटश्रेष्ठ तोशिरो मिफुने यांच्या नावावरून घेतलेलं, आणि जपानीत गो म्हणजे पाच पण होतं, त्याच्या गाडीचं नाव मॅक फाइव्ह आहे ते उगाच नाही. गाडीवरचा तो मोठा एम म्हणजे मिफुने आणि शर्टावरचा जी म्हणजे गो. अमेरिकेत डबिंग झालं तेव्हा गोचा स्पीड झाला पण चित्रातली अक्षरं तशीच राहिली. ते इंग्रजी संवाद लिहिणारे आणि स्पीडचा आवाज देणारे पीटर फर्नांडिस या सिनेमातही एका छोट्या रोलमध्ये आहेत, रेसचे अनाउन्सर म्हणून. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं.

आता पडद्यावर आणायची वेळ आली की बहुतेक जण काय करतात, रंग उडवतात, गाड्या खऱ्यासारख्या करतात, कार्टूनचं कार्टूनपण धुऊन काढतात. या सिनेमाच्या दिग्दर्शक वाचोव्स्की बहिणींनी नेमकं उलटं केलं. २००७च्या उन्हाळ्यात बर्लिनजवळच्या बाबेल्सबर्ग स्टुडिओत जवळजवळ सगळं शूटिंग ग्रीन स्क्रीनसमोर. स्पीड झालेला एमिल हर्श ज्या सांगाड्यात बसून स्टिअरिंग फिरवतोय त्याला चाकंच नाहीत, खालून यंत्र त्याला हिसडे देतंय, ट्रॅक सगळा नंतर कॉम्प्युटरवर. आणि खरी गंमत फोकसमध्ये आहे. एरवी माणूस स्पष्ट दिसला की मागचं धूसर होतं, इथे पुढचं वेगळं शूट, मागचं वेगळं शूट आणि दोन्ही लख्ख ठेवून एकावर एक चढवलेलं, जुन्या ॲनिमेशनमध्ये पारदर्शक शीटवर काढलेली चित्रं एकावर एक ठेवायचे ना, तसं. म्हणून या सिनेमातली माणसं चित्रातून कापून चिकटवल्यासारखी दिसतात. लोकांना ते खोटं वाटलं. मला वाटतं तेच त्याचं सगळ्यात प्रामाणिक काम आहे.

९ मे २००८ला अमेरिकेत रिलीज झाला, समोर 'आयर्न मॅन' दुसऱ्या आठवड्यातही जोरात होता. खर्च सुमारे १२ कोटी डॉलर आणि जगभरातून मिळाले साधारण साडेनऊ कोटीच्या आत. पडला सरळ. सव्वादोन तासांचा सिनेमा, त्यात रॉयल्टन कंपनीचा मालक स्पीडला समोर बसवून सांगतो की रेस कोण जिंकणार हे शेअरच्या भावासाठी आधीच ठरलेलं असतं. लहान पोरं तिथे कंटाळली असणार हे मान्य आहे. पण मोठ्यांनी तरी तो सीन ऐकायला हवा होता.

आणि जॉन गुडमन! बाप म्हणून जो काही उभा राहिलाय. रेक्स घर सोडून निघाला तेव्हा याच बापाने रागात त्याला सांगितलं होतं की आता गेलास तर परत येऊ नकोस. वर्षांनंतर स्पीड तसाच बॅग घेऊन निघालाय, आणि बाप त्याला थांबवत नाही, एवढंच म्हणतो की तू कधीही परत ये, हे दार उघडंच असेल. एवढ्या झगमगाटात हा सीन अगदी हळू आवाजात आहे.

शेवटच्या ग्रां प्री रेसमध्ये स्पीडची गाडी बंद पडते. सगळ्या गाड्या शेजारून सुसाट निघून जातायत, घरचे बघतायत, आणि स्पीड डॅशबोर्डवर ठोसे मारत नाही की ओरडत नाही. शांत होतो. गाडीलाच विचारतो, काय हवंय तुला? आणि ऐकतो.

मग गिअर टाकतो.