मेपलला झोप हवी

नमस्कार मंडळी. मला प्रश्न विचारला होता, की मुंबईत घरच्या बागेत छोटा, शोभेचा मेपल, म्हणजे थंड देशांतलं ते पानं गळण्याआधी लाल होणारं झाड, लावता येईल का. उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. पण चहा अजून उकळायचाय, तेव्हा थोडं सविस्तर बोलते.

सात-आठ वर्षांपूर्वी मी जपानी मेपलच्या बिया मागवल्या, ऑनलाइनच. (जाता जाता सांगते, फोटोतल्या त्या निळ्या मेपलच्या बिया घेऊ नका. निळा मेपल नसतो, फोटो रंगवलेला असतो.) माझ्या निदान खऱ्या होत्या. मसुराएवढा दाणा आणि त्याला माशीच्या पंखासारखा पातळ पंख. ही बी थंडी सोसल्याशिवाय उगवत नाही. मुंबईत थंडी कुठून आणणार? म्हणून बिया दिवसभर कोमट पाण्यात भिजवल्या, ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) घातल्या आणि पिशवीचं तोंड बंद करून फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या मागे सरकवल्या. तीन-चार महिने ठेवायच्या असतात. दुसऱ्याच महिन्यात सासूबाईंनी पिशवी बाहेर काढली. "ही चहाची पूड का गं ठेवलीयेस फ्रीजात? भिजलीय सगळी." केराच्या डब्यापासून पिशवी एक हात अंतरावर होती.

वीसपैकी पाच रुजल्या. खरी पानं आली ती नखाएवढी, बोटं फुटलेली, कडेनं बारीक दातेरी. जपानी लोक या झाडाला काएदे म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ बेडकाचा हात. मला तर ते पान पाहून बाळाचा पंजा आठवला. मग एप्रिल आला. दुपारच्या उन्हात पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळल्या. मेपर्यंत तीन रोपं गेली. चौथं जुलैत गेलं, मुळं कुजून. कारण मेपलला ओल हवी, पण पाणी साचलेलं चालत नाही, आणि आपला पाऊस काही विचारून पडत नाही.

पाचव्यानं मला खरा धडा दिला. ते डिसेंबरपर्यंत टिकलं. मी रोज सकाळी बघायची, आता लाल होईल, मग होईल. झालं नाही. पानं गळलीही नाहीत; मळकट हिरवी, फाटक्या कडांची तशीच लटकत राहिली. जानेवारीत दोन मरतुकडे कोंब फुटले. रात्रभर जागलेला माणूस सकाळी ऑफिसला निघतो ना, तसं दिसत होतं. पुढच्या उन्हाळ्यात तेही गेलं.

याचं कारण समजून घ्या. विदर्भात संत्र्याच्या बागेला ताण देतात. पाणी तोडतात, झाड विसावतं, मग बहार येतो. मेपलचा विसावा पाण्यावर नाही, थंडीवर ठरतो. दिवस लहान आणि रात्री गार व्हायला लागल्या की देठाच्या बुडाशी बुचासारखा थर तयार होतो. पानातलं हरितद्रव्य मोडतं, तिथे अडकलेल्या साखरेवर अँथोसायनिन नावाचा लाल रंग बनतो आणि पान गळतं. मग झाड झोपतं. वसंतात कळ्या नीट फुटायच्या तर त्यांना सात-आठ अंशांखालची थंडी कित्येक आठवडे मिळावी लागते. सांताक्रूझला आजवरचं सर्वांत कमी तापमान नोंदलं गेलं ते 22 जानेवारी 1962 ला, 7.4 अंश. म्हणजे आपली विक्रमी रात्र ही मेपलची रोजची रात्र.

आता, तुमच्यातल्या निम्म्यांची मुलं न्यू जर्सीकडे आहेत, ते माहितीये मला. त्यांच्या अंगणात जरूर लावा. सकाळचं ऊन, दुपारची सावली, वाऱ्याचा आडोसा. लाल पानांच्या जातीला थोडं ऊन लागतंच, नाहीतर ती हिरवटते. खड्डा रुंद खणायचा, खोल नाही; बुंधा जिथे मुळांकडे पसरतो तो भाग जमिनीवर दिसला पाहिजे. मुळं उथळ असतात, म्हणून भोवती लाकडाच्या भुशाचं नाहीतर पाल्याचं आच्छादन, पण खोडाला टेकवून नाही. आणि बहुतेक झाडं कलमी असतात, तेव्हा हापूससारखंच: जोडाच्या खालून फुटवा आला की काढून टाका, नाहीतर काही वर्षांनी भलतंच झाड उभं राहतं. काश्मीरच्या चिनारला मेपल समजून फसू नका, पानं सारखी दिसतात म्हणून. मेपलची पानं फांदीवर समोरासमोर असतात, चिनारची एकाआड एक.

मुंबईकरांनी मात्र मार्चमध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जावं. तिथे कोशिंब नावाचा वृक्ष असतो. वनस्पतिशास्त्रज्ञ आता मेपलला रिठा आणि लिची यांच्या कुळात धरतात, आणि कोशिंब त्याच कुळातला. म्हणजे हा मेपलचा सह्याद्रीतला चुलतभाऊ! गंमत बघा, मेपल मरणारं पान लाल करतो, कोशिंब जन्मणारं. ऐन उन्हाच्या तोंडावर कोवळी पालवी अशी लालभडक येते, की लांबून वाटावं फुलंच आली. रंग तोच, अँथोसायनिन. मला विचाराल तर मेपल बघायला जपानात क्योटोचं तिकीट काढण्याआधी हे बघा. पण हा मोठा वृक्ष, कुंडीत मावायचा नाही. सोसायटीला रिकामा कोपरा असेल तर एक लावा.

आणि बाल्कनीसाठी? लाल पानांची जास्वंद. मूळची आफ्रिकेची. पान तीन-पाच बोटांचं, गडद तांबडं, पाहुणा हमखास विचारतो, "मेपल का?" मी हल्ली नाही म्हणायचं सोडून दिलंय. चावून बघा, अंबाडीसारखं आंबट लागतं, तिच्याच नात्यातली आहे. हिला झोपबिप लागत नाही, भरपूर ऊन द्या आणि शेंडे खुडत राहा.

मागच्या बादलीत तिच्या फांद्या आणल्यात. वीतभर तुकडा घ्यायचा, खालची पानं काढायची, दोन डोळे, म्हणजे पानं जिथून फुटतात त्या गाठी, मातीत जातील असा खोचायचा आणि पंधरा दिवस सावलीत ठेवायचा. दोन-दोनच घ्या हो, मागच्यांनाही पुरल्या पाहिजेत.