दाराला कुलूप होतं

नमस्कार मंडळी. पाडव्याच्या तुम्हा सगळ्यांना मनापासून शुभेच्छा.

पुढच्या रांगेत बसलेल्यांनी जरा मागे वळून त्या दाराकडे पाहा. वर लाल दिवा, कमरेच्या उंचीवर आडवा दांडा. दांडा दाबला की दार बाहेर उघडतं, किल्ली शोधावी लागत नाही. आज मला न उघडलेल्या एका दाराबद्दल बोलायचंय.

मॅनहॅटनमध्ये वॉशिंग्टन स्क्वेअरच्या पूर्वेला एक दहा मजली इमारत आहे. आज ती न्यूयॉर्क विद्यापीठाची आहे. १९११ साली तिच्या वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल नावाचा शर्टवेस्टचा कारखाना होता. शर्टवेस्ट म्हणजे तेव्हाच्या नोकरदार बायकांचा कॉलरवाला ब्लाउज. लांबलचक टेबलांवर विजेची शिलाई मशिनं ओळीने बसवलेली आणि त्यांवर बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली, काही वर्षांपूर्वीच बोटीने इथे अमेरिकेत आलेल्या.

२५ मार्च, शनिवार. सुटायला काही मिनिटं उरली असताना आठव्या मजल्यावर कापडाच्या चिंध्यांनी पेट घेतला. दहाव्या मजल्यावर फोन गेला, मालक गच्चीवरून निसटले. नवव्या मजल्याला कुणी कळवलंच नाही. तिथल्या एका जिन्याच्या दाराला कुलूप होतं. मुलींनी काही चोरून नेऊ नये म्हणून सुटताना त्यांना एकाच दाराने सोडत आणि पर्स तपासत. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या वजनाने कोसळला. लिफ्टवाल्यांनी जमेल तितक्या फेऱ्या मारल्या. बंबाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचली.

१४६ जीव गेले, त्यात १२३ बायका आणि मुली. सगळ्यांत लहान दोघी १४ वर्षांच्या होत्या. इमारत आगीत टिकेल अशीच बांधलेली होती आणि ती टिकली. शंभर वर्षं उलटून गेली, अजून उभी आहे. मला हे फार लागतं. भिंतींचा विचार कुणीतरी केला होता.

दोन्ही मालकांवर खटला चालला. दाराला कुलूप असल्याचं त्यांना ठाऊक होतं, हे ज्यूरीला पटलं नाही. दोघे सुटले. पुढे १९१४ मध्ये नुकसानभरपाई ठरली ती एका जिवामागे ७५ डॉलर.

आणि हे सगळं मुलींनी आधी सांगितलं होतं, मंडळी! १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या कूपर युनियन या कॉलेजच्या सभागृहात पुढाऱ्यांची भाषणं तासन्‌तास चालली होती. तेव्हा क्लारा लेमलिच नावाची विशीतली शिवणकाम करणारी मुलगी उठली आणि म्हणाली की बोलणं पुरे, संपावर जाऊ या. बोलली ती यिडिशमध्ये, पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत. घरच्या भाषेत. सुमारे २०,००० मुली भर थंडीत रस्त्यावर आल्या, पोलिसांचा मार खाल्ला, कोठडीत गेल्या. पगार आणि कामाच्या तासांबरोबर सुरक्षित कारखाने ही त्यांची मागणी होती. बऱ्याच मालकांनी संघटनेशी करार केला, ट्रँगलने केला नाही.

आगीच्या दिवशी कामगारांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स जवळच एका घरी चहाला आल्या होत्या. आरडाओरडा ऐकून त्या धावत गेल्या आणि मुली खिडक्यांतून उड्या टाकताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढे न्यूयॉर्क राज्याने चौकशी आयोग नेमला, त्यासाठी त्या राबल्या. आमदारांना कारखान्यांत नेलं, आगीचे जिने दाखवले. कारखान्याची दारं बाहेर उघडावीत, कामाच्या वेळात कुलूप नको, आगीची कवायत हवी, असे एकामागून एक कायदे झाले. १९३३ मध्ये पर्किन्स अमेरिकेच्या मंत्रिमंडळातल्या पहिल्या स्त्री झाल्या, खातं कामगारांचं. १९३८ च्या कायद्याने किमान वेतन आलं, तासाला २५ सेंट. ४० तासांच्या आठवड्याचा पाया त्यातच घातला गेला. आपल्या ऑफर लेटरमधले ४० तास तिथून आलेत. पण शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका त्या कायद्यातून वगळल्या गेल्या. दक्षिणेत त्यातले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, आणि हे अजाणता झालं असं मला वाटत नाही.

माझे आजोबा मुंबईत परळच्या कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. भोंगा झाला की निघायचे. रविवारी मात्र आम्हा नातवंडांना घेऊन चौपाटीवर जायचे. तो रविवार कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवला होता. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत गिरणी कामगारांची मोठी सभा झाली, त्यात दोन कामगार बायकाही बोलल्या. जूनमध्ये मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. त्या दोघी काय बोलल्या असतील, हा विचार मला क्लाराबद्दल वाचताना नेहमी येतो.

दरवर्षी २५ मार्चला न्यूयॉर्कमध्ये लोक खडू घेऊन निघतात. त्या १४६ जणांपैकी जे जिथे राहायचे, त्या घरासमोरच्या फुटपाथवर नाव आणि वय लिहितात. इमारतीपाशी नावं वाचली जातात, घंटा वाजते, आणि अग्निशामक दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंत चढवतात. तिथे ती थांबते. गेल्या वर्षी माझी मुलगी सोबत होती. ती मान वर करून उरलेले मजले मोजत होती.

मी याही वर्षी जाणार आहे. खडूची पेटी माझ्याकडे आहे. कुणाला यायचं असेल, तर जेवणाच्या वेळी मला भेटा.