चांदीच्या पेटीतला राजा

हा चेहरा जरा थांबून बघा. हा तुतानखामन नाही. हा प्सुसेनेस पहिला, जवळपास ३००० वर्षांपूर्वीचा इजिप्तचा राजा. आता तुतानखामनचा खजिना गिझाच्या नव्या म्युझियमला गेलाय, तर कैरोच्या तहरीर चौकातल्या या जुन्या म्युझियममध्ये लोकांनी निदान आता तरी याच्यासमोर थांबावं असं मनापासून वाटतं.

ही त्याची शवपेटी. अख्खी चांदीची, कपाळावरची पट्टी आणि फणा काढलेला नाग तेवढा सोन्याचा. इजिप्तमध्ये सोनं घरचं, पूर्वेच्या वाळवंटात आणि दक्षिणेला लागूनच्या नुबियात खाणीच होत्या, चांदी मात्र बाहेरून आणावी लागायची म्हणून तिचं भारी अप्रूप. त्यात देवांचं अंग सोन्याचं आणि हाडं चांदीची असं ते लोक मानायचे, मग राजाला देवासारखं पाठवायचं तर दोन्ही हवंच ना.

ही पेटी होती काळ्या ग्रॅनाइटच्या पेटीत आणि ती या लालसर ग्रॅनाइटच्या पेटीत. लाल पेटी मुळात दोनेकशे वर्षं आधीच्या मेर्नेप्ताह राजाची, पुन्हा वापरलेली. झाकणाची आतली बाजू बघा, आकाशदेवी नूत. झाकण लावलं की ती बरोब्बर राजाच्या अंगावर.

फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर मोंते १९२९ पासून नाईलच्या डेल्टात तानिसला खणत होता. १९३९ मध्ये राजांच्या कबरी लागल्या आणि १९४० च्या फेब्रुवारीत हे दालन उघडलं, चोरांचा हातही न लागलेलं, पण युरोपात युद्ध पेटलेलं, पेपरात याला जागा कुठली, तुतानखामनची कबर शोधणाऱ्या कार्टरला १९२२ मध्ये जी प्रसिद्धी मिळाली ती मोंतेला मिळालीच नाही. डेल्टातली जमीन ओली, त्यामुळे लाकूड कुजलं, ममीची नुसती हाडं उरली. म्हणून इथे रथ, खुर्च्या असलं काही दिसणार नाही.

याच कबरीत पुरलेल्या अमेनेमोपे राजाचं सोन्याचं कडं सप्टेंबर २०२५ मध्ये म्युझियमच्या लॅबमधून चोरीला गेलं आणि वितळवलं गेलं.

आता हातापायांच्या बोटांकडे बघा. प्रत्येक बोटाला सोन्याची टोपी, नखंसुद्धा कोरलेली, आणि पायात सोन्याच्याच सँडल. आणि हा निळा हार, लाजवर्दाचे मणी. यातल्या एका मण्यावर चित्रलिपी नाही, क्यूनिफॉर्म म्हणजे पाचरीसारख्या खुणांची लिपी आहे, तिकडे आजच्या उत्तर इराकमधल्या असीरियात एका वजिराच्या मुलीसाठी कोरलेला तो मणी इथे राजाच्या गळ्यात.