नाथसागरावरची मोजदाद

(पहाट, धुकं. थर्माकोलच्या तराफ्यावर एक मच्छीमार जाळं ओढतोय.)

हा नाथसागर. म्हणजे जायकवाडीचं पाणी, पैठणच्या वरच्या अंगाला. धुक्यात पलीकडचा काठ दिसतच नाही, समुद्रच वाटतो, पण हे सगळं अडवलेलं गोदावरीचं पाणी आहे. १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हातून पायाभरणी झाली, १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, आणि पुढे दहा वर्षांनी, १९८६ ला, पक्षी अभयारण्य जाहीर झालं. पक्षी काय सरकारी कागदाची वाट बघत बसले नव्हते. पाणी साचलं, कडेला उथळ झालं, गाळ आला, शेवाळ आलं, किडे-मासे आले, की हेही आले.

(क्लोजअप. काळा पक्षी, कपाळावर पांढरा ठिपका.)

याला पुस्तकात चांदवा म्हणतात, पण दुसरं नाव ऐका, वारकरी. कपाळावर गंध लावल्यासारखं दिसतं म्हणून. नाथांच्या पैठणला वारकऱ्यांचे थवे असणारच म्हणा.

(स्कोप, ट्रायपॉड, गुडघ्यावर वही.)

आता मोजायचं कसं, हे सगळे विचारतात. हजार पक्षी बसलेत, एकेक कोण मोजणार? तर पहिले दहा नीट मोजायचे, त्या दहांनी स्कोपमध्ये किती जागा खाल्ली ते डोळ्यात बसवायचं, मग तेवढे तेवढे तुकडे पाडत पुढं सरकायचं, दहा वीस तीस, मोठा थवा असेल तर शंभराचे तुकडे. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि शेवटपर्यंत एकमेकांना आकडा सांगायचा नाही, नाहीतर दुसऱ्याचा आकडा आपोआप पहिल्याच्या जवळ सरकतो, माणसाचा स्वभाव आहे तो. या थव्याला मी २३० म्हणलो, मित्र ३१० म्हणला. पुन्हा मोजायला लागलो तेवढ्यात वरून दलदली भोवत्या, शिकारी पक्षी, गेला आणि सगळं उडालं. वहीत दोन्ही आकडे लिहिले. तारीख, वेळ, जागा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी कुठपर्यंत आहे ते.

पाणी का, तर हे बघा.

(ड्रोन. ओसरलेलं पाणी, काळी ओल, हिरवे पट्टे.)

धरण काठोकाठ भरलं, समुद्रसपाटीपासून १५२२ फुटाला टेकलं, की आपण खूश, पेपरात दरवाज्यांचे फोटो. पण लांब पायांच्या पक्ष्यांना पायाखाली चिखल लागतो, रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, असू दे की शेकाट्या, त्यांना तेव्हा उभं राहायलाच जागा नसते. ते दुसरीकडं जातात, छोट्या तलावांवर. आणि २०१६ सारख्या वर्षी, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या वर्षी, धरण मृतसाठ्यात होतं, मैलोन् मैल गाळ उघडा. म्हणून एका वर्षी रोहित कमी दिसले की लगेच 'रोहित संपले' म्हणून मेसेज फिरवायचा नसतो, आणि जास्त दिसले की 'वाढले' म्हणून पण नाही. चार-दोन वर्षांनी काही कळत नाही. पंधरा-वीस वर्षांच्या वह्या एकावर एक ठेवल्या की मग कुठं काहीतरी दिसायला लागतं.

(हरभऱ्याचं शेत. करड्या रंगाचे हंस.)

ही गाळपेर. पाणी जसं उतरतं तसं मागोमाग पेरत जातात, हरभरा, गहू. आणि हे पट्टकदंब, गावात सगळे राजहंसच म्हणतात, पांढऱ्या डोक्यावर मागून दोन काळे पट्टे, झूम करून बघा. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. मंगोलियात कॉलर घातलेले पक्षी भारतात सापडलेत, मानेतला नंबर स्कोपमधून वाचता येतो. आम्हाला कॉलरवाला एकही दिसला नाही, बूट मात्र आंबेनं, हरभऱ्यावरच्या आंबट दवानं, भिजले. शेतकऱ्याचं नुकसान होतंच, कोवळे शेंडे खुडून खातात.

(तारेवर नीलपंख. मग मोर.)

हे वह्यांचं काम फक्त आमचं नाही. २०२३ च्या देशभरातल्या पक्षी-अहवालात ३०,००० च्या वर पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी वापरल्यात, ९४२ प्रजाती तपासल्यात. त्यात मोर वाढलेत, आणि बीडकडं पाटोदा-नायगावला तर मोरांसाठी १९९४ पासून अभयारण्यच आहे. पण हा नीलपंख, आजी लोक चास म्हणतात, दसऱ्याला दिसला की शुभ, हा घटत चाललाय. उघड्या माळावरचे पक्षी तर जास्तच. माळढोकाचं फुटेज आमच्याकडं नाही. धाराशिवच्या शेजारी, सोलापूरच्या नान्नजला त्याच्यासाठी १९७९ ला अभयारण्य झालं, आता तिथं एखादा दिसला तरी बातमी होते.

या पाण्यावर तरंगते सोलर पॅनल टाकायचं पण ठरतंय, मच्छीमार त्याच्याविरोधात सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, २०२५ ला याचिका फेटाळली.

(संध्याकाळ. करकोच्यांची रांग, आवाज वाढतो. इथं निवेदन नाही.)

(तराफा काठाला लागतो.)

तेच सकाळचे मामा. जाळं झटकता झटकता विचारायलेत, "दिवसभर काय मोजायलात ओ?"

"पक्षी, मामा. रोहित आलेत का बघायलो."

वहीत शेवटची ओळ लिहून झाली होती. पाणी चढलेलं, वारा पश्चिमेचा, रोहित शून्य.

मामा पलीकडच्या काठाकडं हात करतात, "परवा होते की तिकडं. दुपारपस्तोर होते. तुम्हीच नव्हता."