सान्या : किनारा आणि किनाऱ्यामागचं डबकं

नमस्कार मंडळी. बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय, 'चीनमधलं सान्या : समुद्रकिनारे आणि प्रेक्षणीय स्थळं'. विषय मीच कळवला होता. माझा जन्म भाताच्या पैदाशीत गेला हे इथे बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून दोघीतिघींनी दारातच विचारलं, 'ताई, आज भात नाही ना?' भात आहे. शेवटी आहे. आधी समुद्र.

आपलं श्रीवर्धन 18 अंश उत्तर अक्षांशावर. इथून सरळ पूर्वेला रेघ ओढत गेलात, की सह्याद्री, तेलंगण, बंगालचा उपसागर, ब्रह्मदेश, थायलंड, व्हिएतनाम असं ओलांडून ती हैनान बेटाच्या दक्षिण टोकाशी पोचते. ते टोक म्हणजे सान्या. मुरूड-जंजिरा आणि सान्या तर जवळजवळ एकाच रेघेवर. त्यामुळे तिथे उतरल्यावर मला परकं वाटलंच नाही. नारळ, पोफळ, फणस, आंबा, सगळी आपलीच मंडळी. फरक कळतो तो पायाखाली. आपला किनारा काळ्या पाषाणाचा आणि जांभ्याचा, म्हणून वाळू करडी. त्यांचा किनारा ग्रॅनाइटचा, त्यात पोवळ्यांचा चुरा, म्हणून वाळू पांढरी. यालुंग उपसागराचा किनारा साडेसात किलोमीटरांचा, चंद्रकोरीसारखा वळलेला. शहराच्या कुशीतला दादुंगहाय लहान आणि गजबजलेला. तिथे दुकानांच्या पाट्या रशियन भाषेतही आहेत, कारण हिवाळ्यात रशियन पाहुणे फार. सान्या उपसागर वीसेक किलोमीटर लांब, कडेने माडांची रांग, सूर्यास्त बघायचा तो तिथून. हायतांगला मोठमोठी हॉटेलं आणि करमुक्त वस्तूंचा भलामोठा बाजार. वूचृचौ बेटावर पाणबुडे पोवळी बघायला जातात. मी पाण्यात उतरले नाही, काठावरून बघितलं.

आता हे सगळं तिथेच का उभं राहिलं, ते बघा. हैनानच्या मध्यभागी डोंगर आहेत. त्यातलं वूचृशान शिखर 1800 मीटरांहून उंच, आपल्या कळसूबाईपेक्षा उंच. उत्तरेकडून येणारी थंड हवा त्या डोंगरांना अडते. परिणाम असा की सान्यात जानेवारीचं सरासरी तापमान 22 अंशांच्या आसपास असतं, आणि त्याच दिवसांत उत्तर चीनमधल्या हार्बिनला रात्री पारा शून्याखाली 20 अंशांवर जातो. मग उत्तरेतले पेन्शनर थंडी सुरू झाली की सान्याला येतात आणि वसंतात परत जातात. चिनी लोक त्यांना 'स्थलांतरित पक्षी' म्हणतात. हा शब्द ध्यानात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

प्रेक्षणीय स्थळांत पहिलं नाव तिएनया-हायच्याओचं. आकाशाची कड आणि समुद्राचा कोपरा, असा त्याचा अर्थ. वाळूत हत्तींच्या कळपासारखे गोल गुळगुळीत खडक पडलेत. एकावर 'आकाशाची कड' ही अक्षरं अठराव्या शतकात कोरली गेली, 'समुद्राचा कोपरा' 1938 साली. तिसऱ्या खडकाला 'दक्षिणेच्या आकाशाचा खांब' म्हणतात. तो जुन्या दोन युआनच्या नोटेवर छापलेला होता. आज तिथे नवरानवरी फोटो काढायला येतात, जगाच्या टोकापर्यंत साथ देईन म्हणून. मला मात्र ती अक्षरं वाचताना गलबलून आलं. कारण या भागाचं जुनं नाव याचौ, आणि याचौ म्हणजे राजाची मर्जी गेलेल्या माणसाला पाठवायची जागा. थांग घराण्याचा प्रधान ली तयू, दोनदा प्रधानपद भूषवलेला माणूस, नवव्या शतकाच्या मध्यात हैनान बेटावरच हद्दपारीत वारला. राजधानीतून निघालेल्या माणसाला हा समुद्र दिसला की कळायचं, पुढे जमीन नाही. आणि त्याच जागी आता लग्नाचे फोटो! मला हे बरं वाटलं. एका जागेच्या नशिबात इतका बदल व्हावा, याचा मला आनंदच झाला.

लूहुइथौची टेकडी मी लवकर आटपते. हैनानच्या मूळच्या ली जमातीची गोष्ट आहे. शिकारी हरणामागे डोंगर उतरत कड्यापर्यंत आला, पुढे समुद्र, हरणाने मान वळवून बघितलं आणि त्याची मुलगी झाली. त्यांचं लग्न झालं. आपण मारीचाची गोष्ट ऐकत वाढलो. हरणामागे धावलं की घर मोडतं, असंच आपल्या डोक्यात. तिथे हरणामागे धावून घर बसलं.

नानशानची मूर्ती मात्र लांबून बघितली तरी पाय थबकतात. समुद्रात उभी, 108 मीटर उंच, तीन तोंडांची, 2005 साली तिची प्रतिष्ठापना झाली. चिनी लोक तिला क्वानयिन म्हणतात. ही क्वानयिन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, संकटात धावून येणारा बोधिसत्त्व. कान्हेरीला गेलेले असाल, औरंगाबादच्या सातव्या लेण्यात गेलेले असाल, तर तिथल्या शिल्पात बघा: मधे अवलोकितेश्वर, दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसं, आणि त्यांत बुडत्या नावेतले खलाशीही. आपल्या बंदरांवरच्या व्यापाऱ्यांनी ज्याचा धावा केला, तोच तिथल्या समुद्रात स्त्रीरूपाने उभा आहे. 748 साली चिनी भिक्षू च्यानचन जपानला निघाला असताना वादळाने भरकटून याच किनाऱ्याला लागला होता. पुढच्या खेपेला तो जपानला पोचला, तोवर त्याची दृष्टी गेली होती.

आता एक दुखणं सांगते. सहलीच्या पत्रकावर सान्याचे तीन दिवस होते. तिएनयाला आम्हाला चाळीस मिनिटं मिळाली. मोत्यांच्या दुकानात दीड तास, चहाच्या दुकानात पाऊण तास, गाद्यांच्या दुकानात तासभर. गाद्या! समुद्र ओलांडून गेलेल्या माणसाला गादी दाखवायची? मी आत गेले नाही, बाहेर सावलीत बसले. आणि तिथे मला सान्या भेटलं.

रस्त्यापलीकडे छत्रीखाली एक म्हातारी बसली होती. पुढ्यात टोपली, टोपलीत हिरव्या सुपाऱ्या. शेजारी ओल्या फडक्यात पानं आणि डबीत चुना. तुम्ही हसताय, मीही हसले. आपण रोठ्याच्या गावची माणसं, सुपारी दिसली की पाय वळणारच. हैनान हे चीनचं सुपारीचं आगर. बाकीच्या चीनमध्ये वाळवलेली, गोड केलेली सुपारी खातात, हैनानमध्ये ओली हिरवी, पान-चुन्याबरोबर. चुना शिंपल्यांचा. तिने सुरीने सुपारीचे चार काप केले. अडकित्ता नव्हता, तेवढंच चुकलं. मी पान उचललं, देठ खुडला, शिरा काढल्या, चुना बोटाने फिरवला, आईने शिकवलं तसं. ती बघतच राहिली. मग तिने माझ्या हातातून पान घेतलं, थोडा चुना पुसून काढला, माझा जास्त झाला होता, आणि घडी घालून माझ्या हातावर ठेवलं. तिच्या मनगटावर गोंदण होतं, निळ्या बारीक रेषांचं. माझ्या आजीच्या हातावर होतं तसं.

भाषा नव्हती. पण तिने दोन बोटं शेजारी धरून सुपारीकडे दाखवलं, आणि मला कळलं. तिथेही मुलाकडचे मुलीच्या घरी सुपारी घेऊन जातात. आपण 'लग्नाची सुपारी फुटली' म्हणतो ना, तेच. पैसे तिने घेतले नाहीत. उलट पाच सुपाऱ्या पिशवीत टाकल्या. बसचा भोंगा वाजत होता, माझ्या नावाने हाका चालल्या होत्या. त्या सुपाऱ्या मी खोलीच्या खिडकीत ठेवून आले. बी-बियाणं परवान्याशिवाय देशात आणायचं नाही, हे मी जन्मभर विद्यार्थ्यांना शिकवलं.

आणि दुसरं दुखणं त्याच दिवसाचं. नानशानच्या वाटेवर बसमधून खाचरं दिसली. मार्चचा पहिला आठवडा, भात निसवलेला, आणि लोंब्यांवर कागदी पिशव्या! पिशव्या म्हणजे संकर चाललाय. मी उठून उभी राहिले, बस थांबवा म्हटलं. पाच मिनिटं मागितली. मिळाली नाहीत. ते मी अजून विसरलेले नाही.

सर घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं आहेत, म्हणजे भाताला दहाच मिनिटं.

ज्या हिवाळ्यासाठी पेन्शनर सान्याला येतात, त्याच हिवाळ्यासाठी 1950 च्या दशकापासून चीनचे पीकशास्त्रज्ञ येतात. घरी बर्फ असताना इथे आणखी एक पिढी काढायची, म्हणजे नवा वाण तयार व्हायला लागणारी वर्षं वाचतात. याला ते 'नानफान' म्हणतात, दक्षिणेतली पैदास. आणि या माणसांनाही तेच नाव पडलं, स्थलांतरित पक्षी.

भाताच्या फुलात नर-मादी एकत्र, ते स्वतःच फळतं. संकरित बियाणं शेतकऱ्याला पुरेल एवढं करायचं, तर जिचा पराग मुळातच वांझ आहे अशी आईकडची रोपं हवीत. चीनचे भातशास्त्रज्ञ युआन लाँगपिंग यांनी अनेक वर्षं ती लागवडीच्या भातात शोधली. काम अडलं, तेव्हा त्यांनी रानटी भाताकडे वळायचं ठरवलं. 23 नोव्हेंबर 1970 ला सान्याजवळ त्यांचे सहायक ली बिहू यांना तिथल्याच शेतावरच्या फंग कशान यांनी रेल्वेपुलाजवळच्या एका डबक्यावर नेलं. तिथे रानभात होता. त्यात एका रोपाचे परागकोश निस्तेज, पराग वांझ. युआन त्या वेळी बीजिंगला होते. ते धावत आले आणि त्या रोपाला 'रानटी वांझ' अशा अर्थाचं नाव दिलं. 1973 पर्यंत त्यातून आई, तिला जपणारी जात आणि पराग परत फुलवणारी जात, अशी तिहेरी साखळी जमली. 1976 पासून चीनभर लागवड. युआन नव्वदीतही सान्याच्या शेतावर जात; 2021 च्या मे महिन्यात ते गेले.

वांझपण आईच्या पेशीद्रव्यातून, पेशीतल्या केंद्रकाबाहेरच्या भागातून, उतरतं, म्हणजे त्या डबक्यातली आई पुढच्या प्रत्येक पिढीत कायम राहते. कर्जतच्या भात संशोधन केंद्राकडून 1998 साली आपला 'सह्याद्री' हा संकरित भात आला. त्याची आई आयआर 58025 ए, आणि तिच्यातलं पेशीद्रव्य तेच, सान्याच्या डबक्यातलं. रायगडात ज्यांनी सह्याद्री लावला, त्यांच्या खाचरात सान्या येऊन गेलं.

सान्यात किनाऱ्यालगतच्या जमिनीचे भाव किती चढले असतील, हे मी सांगायला नको. तरीही सान्या आणि शेजारचे लतुंग, लिंगश्वेई मिळून सुमारे 18 हजार हेक्टर शेतजमीन या पैदाशीसाठी राखून ठेवली आहे. हॉटेलांच्या मागे शेत आहे, आणि ते शेतच राहणार. हे मला आज सांगायचं होतं.

कारण तो रानभात आपल्याकडेही आहे. आपण त्याला देवभात म्हणतो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून आपल्या आयांनी तो डबक्यांतून झोडून आणला. गेल्या काही वर्षांत रस्ता रुंद करताना माझ्या माहितीतली तीन डबकी भरावात गेली. त्या रोपांत काय होतं, ते कोणी तपासलं नव्हतं. मीही नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

ही पुडी मी आणली आहे. उरलेल्या एका डबक्यातल्या लोंब्या आहेत. पुढच्या रांगेपासून मागे जाऊ द्या. कुसळं लांब आहेत, बोटाला टोचतील, आणि दाणा हात लागला की गळतो, म्हणून कागदावरच ठेवून बघा. ज्यांच्या शेताजवळ, तळ्याच्या काठी हे गवत दिसतं, त्यांनी दाराशी ठेवलेल्या वहीत वाडीचं आणि डबक्याचं नाव लिहून जा. मी येऊन बघेन.